चालतो रोज, तरी धाप जाईना: वडगावच्या एका यंत्रमागधारकाचे प्रकरण

वडगाव, शहापूर, खासबाग या बेळगावच्या विणकर वस्त्यांत पन्नाशी गाठलेली माणसे डॉक्टरांना एक वाक्य हमखास ऐकवतात: "दिवसभर मागावर उभाच असतो की ओ, वर सकाळी फिरायलाही जातो. मग धाप का लागते?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर मोजमाप केल्याशिवाय देता येत नाही. पुढचे प्रकरण त्यासाठीच रचले आहे. ते कुणा एका व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांत नेहमी दिसणारे आकडे, चुका आणि उपचार एका माणसाच्या रूपाने सलग मांडले आहेत.

माणूस आणि त्याचे आकडे

वय ५२. घराखालीच चार यंत्रमाग. सकाळी नऊ ते रात्री आठ, मधे जेवणापुरती सुट्टी. थोरल्या भावाची ५३व्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. वीस वर्षांची तंबाखू-चुन्याची सवय. सुताचे पोते घेऊन दुसरा मजला चढला की धाप लागते, छातीत दुखत मात्र नाही.

उंची १६६ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २८.३. कंबर ९९ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० वर आहे. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या रक्तदाबाची सरासरी १४८/९२. उपाशीपोटी साखर ११६ आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.१, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. रक्तातली चरबी: ट्रायग्लिसराइड २१८, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८. बसल्या जागी नाडी ८६. साधा ईसीजी निर्दोष.

भावाच्या वयाकडे इथे विशेष लक्ष द्यायला हवे. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचे मधले वय ५३ निघाले, इतर प्रदेशांत ते ५९च्या आसपास होते. आपल्याकडे हृदयविकार पाच-सहा वर्षे लवकर दार ठोठावतो. "साठी उलटली की बघू" हा हिशेब म्हणूनच चुकतो.

रोजचे चालणे मोजले तेव्हा

गृहस्थ सकाळी टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर मित्रांबरोबर ४५ मिनिटे फिरत. अंतर मोजले तर भरले २.६ किलोमीटर, म्हणजे वेग ताशी साडेतीन किलोमीटर. मिनिटाला ८० ते ८५ पावले. नाडी ९६. गप्पा अखंड. शरीर बसल्या जागी जितका प्राणवायू वापरते त्याला एक मेट म्हणतात. या चालीला ते प्रमाण २.७ मेटच्या आसपास येते. मध्यम व्यायामाची सुरुवात ३ मेटपासून होते आणि त्यासाठी मिनिटाला साधारण १०० पावले पडावी लागतात. म्हणजे पाऊण तास रोज खर्च होत होता आणि हृदयाला जाग येईल तिथवर एकदाही पोचत नव्हता. या फिरण्याचा उपयोग नाही असे कुणी म्हणू नये. घरी बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे, मन मोकळे होते, सांधे हलते राहतात. पण धाप कमी व्हायची तर तेवढे पुरत नाही.

मग मागावरचे दिवसभराचे उभे राहणे? मनगटावरच्या घड्याळात दिवसाची ७,००० पावले दिसली. पण ती सगळी पाच-सहा पावलांच्या तुकड्यांत होती: धागा तुटला, गेला, गाठ मारली, परत आला, कांडी संपली, बदलली, परत. नाडी ९० ते ९४च्या वर गेलीच नाही. १९५३ साली जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसवरच्या नोकरांचा अभ्यास छापला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होता. मागवाला दिसतो कंडक्टरासारखा, पायांवर उभा. हृदयावर पडणारा भार मात्र ड्रायव्हरच्या जवळचा. पोटऱ्या दुखतात, संध्याकाळी पाय जड होतात, म्हणून व्यायाम झाल्यासारखा वाटतो, आणि इथेच फसगत होते.

सुरुवातीआधीची तपासणी

धाप आणि घरातला इतिहास दोन्ही असल्यामुळे ट्रेडमिल चाचणी केली, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवत ईसीजी पाहिला. ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. गृहस्थ ६ मिनिटे १० सेकंदांत थकून थांबले, म्हणजे सुमारे ७ मेट. सर्वोच्च नाडी १६४. ईसीजीत बदल नाही. पहिल्याच पायरीवर, ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढावर, नाडी १३८ आणि वरचा रक्तदाब १७६ झाला होता. हे दोन आकडे पुढे कामी येतात, कारण त्यांचा गुणाकार म्हणजे हृदयाच्या स्नायूला त्या क्षणी किती प्राणवायू लागतो याचा चांगला अंदाज असतो. इथे तो २४,२८८.

रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू झाली, जेवणातले मीठही कमी केले. ही गोळी नाडी दाबून धरत नाही, त्यामुळे नाडीवर आधारलेला आराखडा चालला. मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडीचे गणित कोलमडते. अशा माणसाने बोलण्याच्या कसोटीवर चालावे: सलग वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला.

नाडीचे गणित असे केले. चाचणीत आलेली सर्वोच्च नाडी १६४, त्यातून बसलेली ८६ वजा केली, उरले ७८. त्याचे ४० टक्के ३१, ते ८६मध्ये मिळवून ११७. ६० टक्के ४७, म्हणून १३३. लक्ष्य ११७ ते १३३. चाचणी झालेली नसेल तर २०८ वजा वयाच्या सात दशांश हे सूत्र वापरतात. इथे ते १७२ देते, प्रत्यक्षापेक्षा आठ ठोके जास्त. प्रत्यक्ष आकडा हातात असताना सूत्र कशाला? चालताना मोजायची सोपी रीत: थांबताक्षणी मनगटावर १० सेकंद ठोके मोजायचे. २० ते २२ आले की ठीक. पूर्ण मिनिट मोजत बसू नये, कारण थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते आणि आकडा खोटा कमी येतो.

आराखडा

फेब्रुवारीत सुरुवात. जागा बदलली: वडगाव-येळ्ळूर रस्ता, भातशेतीतून जाणारा, बराचसा सपाट. मित्रांना सोडायला सांगितले नाही. गप्पांचा फेरा नंतर, शरीर निवताना. पहिले दोन आठवडे ५ मिनिटे सावकाश, १२ मिनिटे झपाझप, ५ मिनिटे सावकाश. आठवड्यातून पाच दिवस. नंतर दर आठवड्याला झपाझप भागात तीन मिनिटांची भर. आठव्या आठवड्यात तो भाग ३० मिनिटांवर यायचा होता, म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीची ही खालची मर्यादा, वरची ३००. दोन दिवस ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणे, भिंतीवर दंड, प्रत्येकी दहाच्या दोन फेऱ्या. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, रोखला की रक्तदाब एकदम उसळतो.

सुट्टीचे दोन दिवस सलग येऊ नयेत, हे कारणासह सांगावे लागते. व्यायामानंतर स्नायू रक्तातली साखर जास्त सहज उचलतात, पण तो परिणाम एक ते तीन दिवसच टिकतो. पाच दिवस चालून शनिवार-रविवार लोळण्यापेक्षा बुधवार आणि रविवार मोकळे ठेवणे बरे.

शेवटची पाच मिनिटे लोक हमखास गाळतात. भर वेगात असताना पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबले की रक्त पायांतच साचते, भोवळ येते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला तर लवकर येते.

काय काय बिघडले

पहिल्याच आठवड्यात नाडी विचित्र दिसली. सावकाश भागातच ११८. कारण बाहेर पडताना दाढेखाली धरलेली तंबाखू. निकोटिन नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढवते, त्यामुळे पाय गतीला आले नसताना आकडा लक्ष्यावर गेला. अशी उसनी नाडी हृदयाला काही शिकवत नाही, उलट रक्तवाहिन्या आवळून धरते. निपाणी पट्ट्यात तंबाखू हे नगदी पीक आहे आणि आपल्या सीमाभागात ती चंची काढून पुढे करणे पाहुणचारात मोडते. ती सोडणे किती अवघड हे ओळखूनच निकोटिन गम आणि दर आठवड्याचे समुपदेशन ठरवले. तिसऱ्या महिन्यात ती सुटली. हृदयासाठी या संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोठे काम कोणते झाले असेल, तर हे.

तिसऱ्या आठवड्यात नडगीत दुखू लागले. पायात झिजलेली चप्पल, आणि उत्साहात एकदम दहा मिनिटांची वाढ. हृदय आणि श्वास दोन-तीन आठवड्यांत सरावतात, हाडे आणि स्नायुबंध मागे राहतात. टाचेला गादी असलेले बूट घेतले, पाच दिवस वेळ निम्मा केला, दुखणे थांबले. घोट्यांवर संध्याकाळी हलकी सूज येत होती तीही चालण्याच्या माथी मारली गेली. खरे तर ती अॅम्लोडिपिनची नेहमीची खूण होती.

पाचव्या आठवड्यात मात्र गंभीर प्रसंग घडला. रविवारी तरुण पुतण्यांबरोबर राजहंसगडावर जाणे झाले आणि शेवटचा चढ पैजेने पळत चढला. अर्ध्यावर छातीवर दाब, घाम, श्वास पुरेना. बसल्यावर चार-पाच मिनिटांत उतरले. घरी जाऊन झोपण्याऐवजी त्याच दिवशी रुग्णालय गाठले, हे योग्य झाले. ईसीजी आणि काही तासांच्या अंतराने दोनदा केलेली ट्रोपोनिन चाचणी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्तचाचणी) निर्दोष. पुढच्या आठवड्यात सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचे स्कॅन: हृदयाच्या डाव्या पुढच्या धमनीत सुमारे ३० टक्के अडथळा, रक्तप्रवाह अडवणारे काही नाही.

आधीची ट्रेडमिल चाचणी निर्दोष होती, मग हे कसे? ट्रेडमिल चाचणी रक्त अडवण्याइतका मोठा अडथळा शोधते. धमनीच्या भिंतीत साचलेला लहान, मऊ थर तिला दिसत नाही, आणि झटका पुष्कळदा अशा थराला चीर पडूनच येतो. तयारी नसताना पळत चढ चढला की अॅड्रिनलिन उसळते, रक्तदाब एका मिनिटात भडकतो, थरावर ताण येतो, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी चिकट होतात. १९९३ साली अमेरिकेत झालेल्या मिटलमन यांच्या अभ्यासात एरवी व्यायाम न करणाऱ्यांत जोरदार श्रमाच्या वेळी झटक्याचा धोका शंभराहून अधिक पटींनी चढलेला दिसला. आठवड्याला पाच वा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत अडीच पटींच्या आतच राहिला. श्रम तोच, शरीर वेगळे. म्हणून सहा दिवस माग आणि सातव्या दिवशी गड ही रीत आमच्या मते सोडून द्यावी. गड चढायचा तर आधी तीन महिने आठवड्याला १५० मिनिटे झालेली हवीत, आणि चढही बोलता येईल इतक्याच वेगाने.

या शोधानंतर अॅटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी सुरू झाली. चालणे दहा दिवस थांबले आणि डॉक्टरांच्या संमतीने एक पायरी मागून पुन्हा सुरू झाले.

जून आला. खानापूर ते बेळगाव हा पट्टा पावसात धुऊन निघतो आणि फिरणारे लोक गणपतीपर्यंत घरात बसतात. दोन ते चार आठवड्यांच्या खंडात कमावलेले बरेचसे ओसरते. आधी रक्तातले वाढलेले पाणी जाते, मग स्नायूंतला बदल. उपाय घरातच केला. १५ सेंटिमीटर उंचीची भक्कम पायरी, भिंतीचा आधार हाताशी, मिनिटाला २० वेळा चढ-उतार: हे साधारण ४ मेट होते. २० सेंटिमीटरची पायरी आणि मिनिटाला २४ वेळा केले की साडेपाच मेट. ताल धरायला मोबाइलवर ठरावीक अंतराने टिकटिक करणारे मेट्रोनोम. दर पाच मिनिटांनी आधी टाकायचा पाय बदलायचा, नाहीतर एकच गुडघा कुरकुरतो.

आत काय बदलत होते

झपाझप चालताना धमन्यांतून रक्त वेगाने वाहते आणि आतल्या अस्तराला घासत जाते. त्या घर्षणाला उत्तर म्हणून अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते. हा वायू धमनी सैल करतो, प्लेटलेट चिकटू देत नाही. शरीरातला हा निरोप्या ओळखण्यासाठी १९९८चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दिले गेले. घर्षण रोज मिळाले तर अस्तर ही क्षमता वाढवून ठेवते, आठवडाभर नाही मिळाले तर आखडते घेते. व्यायामाचा साठा करता येत नाही तो यामुळेही.

दुसरा बदल हृदयाच्या चालीत. सुरुवातीच्या आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय जास्त भरते, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर फेकते. तेवढ्याच कामाला कमी ठोके लागतात. ठोके कमी म्हणजे दोन ठोक्यांमधला विसावा लांब, आणि हृदयाच्या डाव्या भागाच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः याच विसाव्यात मिळते, कारण आकुंचनाच्या वेळी त्याच्या आतल्या वाहिन्या दाबल्या जातात. ८६वरून ७३वर आलेली नाडी म्हणजे हृदयाला स्वतःचे जेवण निवांत मिळू लागले.

तिसरा बदल हृदयाबाहेरचा आहे आणि त्याची दखल फार कमी लोक घेतात. मांड्या-पोटऱ्यांत सूक्ष्म केशवाहिन्या आणि ऊर्जा तयार करणारे घटक वाढतात. स्नायू रक्तातून जास्त प्राणवायू उचलायला शिकतात, त्यामुळे ते हृदयाकडे मागणी कमी करतात. सुताचे पोते तेवढेच, जिनाही तोच, धाप मात्र उशिरा लागते.

२४ आठवड्यांनंतर

ट्रेडमिलवर आता ८ मिनिटे २० सेकंद, ९ मेटच्या पुढे. पहिल्या पायरीवर नाडी ११८, रक्तदाब १५८, गुणाकार १८,६४४. तेवढ्याच चालीला हृदयाचा खर्च २३ टक्क्यांनी उतरला. २००९ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार क्षमता एका मेटने जास्त असेल तर मृत्यूचा धोका १३ टक्के आणि हृदयविकाराच्या घटना १५ टक्के कमी आढळतात. इथे दोन मेटची कमाई आहे.

बाकीचे आकडे: वजन ७४.५, कंबर ९४, रक्तदाब १२८/८०, उपाशीपोटी साखर १०३, एचबीए१सी ५.८, ट्रायग्लिसराइड १५८, एचडीएल ३९, एलडीएल ६८.

यातले श्रेय वाटताना प्रामाणिक राहायला हवे. एलडीएल निम्म्यावर आले ते गोळीने. चालण्याने एलडीएल फारसे हलत नाही. उच्च रक्तदाब असलेल्यांत नियमित एरोबिक व्यायाम वरचा दाब साधारण ५ ते ८ अंकांनी उतरवतो, म्हणजे इथली उरलेली घट अॅम्लोडिपिनची आणि कमी मिठाची. नाडी उतरण्यात तंबाखू सुटल्याचाही वाटा आहे. ट्रायग्लिसराइड, साखर आणि कंबर यांत चालण्याचा हात मोठा, आणि मेट वाढले ते मुख्यतः चालण्यानेच. सगळ्यांचे मेट एवढे वाढतील असेही नाही. 'हेरिटेज' अभ्यासात सगळ्यांना २० आठवडे एकसारखा व्यायाम दिला असता काहींची क्षमता जेमतेम हलली, काहींची भरपूर वाढली. त्यात आनुवंशिकतेचा भाग होता. क्षमता कमी वाढली तरी रक्तदाब आणि साखरेवरचा फायदा मिळू शकतो, म्हणून निराश होऊन सोडू नये.

या टप्प्यावर नेहमीचा प्रश्न आला: "आता रिपोर्ट चांगले आलेत, गोळ्या बंद करूया काय?" उत्तर नाही असेच आहे. धमनीतला थर अजून तिथेच आहे. स्टॅटिन त्याला घट्ट करते, चालणे अस्तराला निरोगी ठेवते. कामे वेगळी आहेत. रक्तदाबाची मात्रा कमी करायची की नाही ते घरी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या नोंदी पाहून डॉक्टर ठरवतील.

पुढच्या सहा महिन्यांसाठी काही गोष्टी लिहून दिल्या. सणासुदीच्या साड्यांची मागणी आली की माग रात्री अकरापर्यंत चालतो. त्या दिवसांत ३० मिनिटे सलग मिळाली नाहीत तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग, पण तेही १०० पावलांच्या वर. नव्या बसलेल्या नाडीनुसार लक्ष्य पुन्हा काढायचे: या वेळच्या चाचणीत सर्वोच्च नाडी १६५ भरली, म्हणून ११० ते १२८. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट चांगलीच गार असते आणि थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून ऊन आल्यावर बाहेर पडायचे आणि सावकाश भाग दहा मिनिटांचा करायचा. ताप असेल त्या दिवशी पूर्ण विश्रांती. छातीवर, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब, थंड घाम, भोवळ यांपैकी काहीही झाले तर जागच्या जागी बसायचे, स्वतः गाडी चालवत दवाखान्यात निघायचे नाही, १०८ला फोन करायचा. हा क्रमांक घरच्यांच्या मोबाइलमध्येही भरून दिला. कंबर अजून ९०च्या वर आहे, तिची पुढची नोंद दिवाळीनंतर.